आधी दाखवा, मग बांधा

14 सप्टेंबर 2006 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम करायचं असेल, तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल, असं तिने सांगितलं. तिच्यासोबत अर्जाचा नमुना 1-अ जोडला होता. त्यात जमीन, पाणी, झाडं, हवा असे भाग आहेत, आणि त्यांच्याच रांगेत सौंदर्याचाही एक भाग आहे. त्यातला पहिला प्रश्न असा, की तुमच्या बांधकामामुळे एखादा देखावा, एखादं निसर्गदृश्य झाकलं जाणार आहे का, आणि त्याचा विचार तुम्ही केला आहे का?

वाचकहो, हा प्रश्न सरकारनेच छापलेला आहे, कुणा कवीने विचारलेला नाही. डोंगराची कड, नदीचं वळण, गावाच्या पाठीमागची टेकडी यांना मोल आहे आणि ते जपण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे, हे या देशाने कागदावर मान्य केलं आहे. पण उत्तर कोण देतो? ज्याला बांधायचं आहे तोच. कुठे उभं राहून पाहायचं, किती अंतरावरून, कोणत्या ऋतूत, कोणत्या लेन्समधून, याचं कोणतंही बंधन त्याच्यावर नाही. एका ओळीचं उत्तर लिहिलं तरी रकाना भरतो. त्याच अधिसूचनेने इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोरचा डोंगर जाणार, त्यांना विचारायची गरजच उरली नाही. ही फट आपण बुजवली पाहिजे, आणि त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही.

कुणी म्हणेल, पाण्याचा प्रश्न आहे, रोजगाराचा आहे, रस्त्याचा आहे, त्यात देखाव्याचं काय घेऊन बसलात? त्यांनी एकदा सह्याद्रीतल्या कोणत्याही गृहप्रकल्पाची जाहिरात नीट पाहावी. 'व्हॅली व्ह्यू', 'लेक व्ह्यू', 'सी फेसिंग'. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते दृश्यच. समोर दरी असलेल्या सदनिकेला वेगळा दर, आणि मागच्या बाजूच्या सदनिकेला वेगळा. दृश्याची किंमत विकासकाला पैशापैशाने ठाऊक आहे. ती ठाऊक नाही आपल्याला, कारण पिढ्यान् पिढ्या ते आपल्याला फुकट मिळालं. पायथ्याच्या गावात सकाळी दार उघडलं की समोर कडा दिसतो. एसटीतून पसरणी घाट चढताना वळणावळणाला कृष्णेचं खोरं उघडत जातं. ते पाहायला तिकीट नाही, सातबारा नाही, जात नाही. कड्यावर सहा मजले उभे राहिले की हजारोंचं ते दृश्य काढून घेतलं जातं आणि पन्नास-साठ खिडक्यांना विकलं जातं. याला विकास म्हणण्याआधी हे सार्वजनिक संपत्तीचं खासगी हस्तांतर आहे, हे स्पष्ट शब्दांत बोललं पाहिजे.

आपले कायदे या बाबतीत फार तोकडे पडतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियमावलीने 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला आणि खोदाईला मनाई केली आहे. नियम चांगला आहे, पण तो उतार मोजतो. डोंगराच्या डोक्यावरची सपाटी या मोजमापातून सुटते, आणि नेमकी तिथली इमारत दहा गावांना दिसते. किनाऱ्यावर किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) हद्द भरतीच्या रेषेपासून 500 मीटरवर संपते, पण बंदरातून दिसणारी टेकडी तिच्या पलीकडे असते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण, म्हणजे सगळं मिळून 300 मीटर. गडाच्या माचीवर उभ्या असलेल्या माणसाची नजर काय 300 मीटरवर थांबते?

लोहगडाच्या विंचूकाटा माचीवर एकदा जाऊन उभे राहा. खाली पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, तिकोना. लोहगड हा एकटा दगडांचा ढीग नाही, या सगळ्यांकडे पाहणारा तो एक डोळा आहे. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही नावं त्या रात्री घराघरांत घेतली गेली. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. पण ज्या नावाने ही नोंद झाली त्याकडे किती जणांनी लक्ष दिलं? ती नोंद आहे मराठा लष्करी भूप्रदेशाची. तट-बुरुजांइतकाच त्यांच्याभोवतीचा मुलूखही तिच्यात महत्त्वाचा आहे. गडाची जागा ठरवताना तिथून काय दिसतं आणि ती कुठून दिसते, हाच तर कस होता. 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी गडाच्या जवळ दुसरा डोंगर नसावा, असला तर तो सुरुंगाने उडवावा किंवा गडाच्या आवाक्यात आणावा, असं बजावून सांगितलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या राज्यकर्त्यांनी नजरेची हद्द इतक्या बारकाईने विचारात घेतली होती. आज स्वच्छ दिवशी रायगडावरून राजगड आणि तोरणा दिसतात, सिंहगडावरूनही दिसतात. ही नजर तुटली, तर तट आणि बुरुज शाबूत राहूनही गडाचा अर्थ जाईल. पवनेच्या काठावर बंगले, रिसॉर्ट आणि तंबू वाढत चालले आहेत, रात्री त्यांचे दिवे वरून दिसतात. त्यांतलं एकेक बांधकाम कदाचित नियमात असेलही. पण सगळी मिळून विंचूकाट्यावरून काय दिसतं, हे एकत्र कुणी मांडलं आहे का? परवानगी एकेका सर्व्हे नंबरला मिळते, दृश्य मात्र अख्खं जातं.

आणि युनेस्कोने दिलेलं नाव कायमचं असतं, अशा भ्रमात कुणी राहू नये. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराजवळची एल्ब नदीची दरी 2004 साली यादीत गेली. तिथे नदीवर चौपदरी पूल बांधायचा होता. 2005 च्या फेब्रुवारीत शहराने मतदान घेतलं आणि बहुमताने पुलाला कौल दिला. पुढच्या वर्षी आखन विद्यापीठाच्या नगररचना विभागाने पूल कुठून कसा दिसेल याचा पद्धतशीर अभ्यास केला. दरीच्या सर्वांत नाजूक ठिकाणी दृश्याचे दोन तुकडे होतील, असा निष्कर्ष आला. तरीही पुलाचं काम थांबलं नाही, आणि 2009 साली ती दरी जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकली गेली. मला या हकिकतीतला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. लोकांनी मत आधी दिलं आणि चित्र नंतर पाहिलं. आपल्याकडे तर मतही विचारलं जात नाही. म्हणून मागणी करायची ती याच क्रमाने करू या, आधी आम्हाला दाखवा, मग विचारा, मग बांधा.

दाखवणं शक्य आहे का? दृश्य म्हणजे ज्याची त्याची आवड, ते कसं मोजणार, असं अधिकारी म्हणतात. हे खरं नाही. ब्रिटनमध्ये भूदृश्य संस्थेने याची पद्धत लिहून ठेवली आहे, तिची तिसरी आवृत्ती 2013 ची. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग डोंगरावर वीज कंपनी प्रकल्प उभारायला निघाली, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. डोंगराच्या सौंदर्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांनाही दाद मागण्याचा हक्क आहे, असं 1965 साली अपील न्यायालयाने मान्य केलं. लढा 1980 पर्यंत चालला आणि डोंगर वाचला. स्वित्झर्लंडची रीत तर इतकी साधी आहे, की आपल्या कोणत्याही गावाने उद्या सकाळी उचलावी. तिथे घर बांधण्याचा अर्ज आला, की त्या जागेवर खरोखरच्या उंचीच्या काठ्या रोवतात, छपराचा उतार दाखवणाऱ्या फळ्या त्यांच्या टोकांना बसवतात, आणि अर्ज लोकांसमोर असेपर्यंत त्या हलवत नाहीत. येणारा-जाणारा मान वर करून पाहतो आणि समजतो, इथवर येणार आहे तर.

आपल्याकडे बांबूला काय तोटा? कोकणात आणि घाटमाथ्यावर तो जागोजाग आहे. प्रस्तावित इमारतीच्या चारही कोपऱ्यांवर पूर्ण उंचीचे बांबू किंवा पाइप उभे करा, टोकाला तांबड्या पताका बांधा. उंची फारच असेल तर दोरी मोजून गॅसचा फुगा सोडा. मग सारं गाव मिळून देवळाच्या पायरीवरून, शाळेच्या मैदानातून, एसटीच्या थांब्यावरून, पाणवठ्यावरून, शेजारच्या गडाच्या बुरुजावरून पाहू दे. अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग दिसतो. त्या दोघांच्या मध्ये काही उभं राहणार असेल, तर पताका आधी तिथून पाहिली पाहिजे.

मूल्यमापनाची बाकीची अंगंही कळायला अवघड नाहीत, आणि ती आपल्याला कळली पाहिजेत, कारण फसवणूक तिथेच होते. पहिली गोष्ट म्हणजे पाहण्याच्या जागा विकासकाने निवडायच्या नाहीत, गावाने निवडायच्या. दुसरी फोटोची. प्रस्तावासोबत येणारी चित्रं बरेचदा वाइड लेन्समधून काढलेली असतात. तिच्यात लांबची वस्तू लहान होते, डोंगर मागे सरकतो आणि सात मजल्यांची इमारत काडेपेटीएवढी दिसते. डोळ्याच्या जवळ जाणारी चौकट देते ती 50 मिलिमीटरची लेन्स, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरची. फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला हवा. ड्रोनमधून काढलेलं मोहक चित्र या कामी निरुपयोगी आहे, तिथे आभाळात कोणीही राहत नाही. चित्रांतला हंगामही तपासा. श्रावणात सगळंच हिरवं असतं, गवतात निम्मी इमारत लपते. मे महिन्यात करपलेल्या माळावर तीच कशी दिसते, हेही दाखवायला सांगा. रात्रीचंही चित्र मागा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहतो तो रस्ता. घरांच्या चित्रांत रस्ता कधी नसतो. पण डोंगरावर घर न्यायचं म्हणजे जेसीबी न्यायचा. उतार कापून काढलेल्या रस्त्याचा मुरमाचा तांबडा ओरखडा आणि त्याखालची काँक्रीटची भिंत घरापेक्षा लांबून दिसते आणि घरापेक्षा जास्त वर्षं टिकते. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मोसे खोऱ्यातल्या लवासा या डोंगरी शहराच्या प्रकल्पाला काम थांबवायला सांगितलं, तोवर उतार कापले गेले होते. पुढच्या वर्षी अटी घालून मंजुरी मिळाली. कागद असे मागाहून दुरुस्त होतात, कापलेला डोंगर मात्र पुन्हा उभा करता येत नाही.

लपलेलं आणि उघडं काय राहील, याचा नकाशा आता घरबसल्या बनतो. उपग्रहाने मोजलेली जमिनीच्या उंचीची माहिती फुकट मिळते, क्यूजीआयएस ही संगणकप्रणालीही फुकट आहे. प्रस्तावित जागा आणि इमारतीची उंची तिच्यात भरली, की आसपासच्या कोणत्या गावांतून, कोणत्या वळणांवरून ती दिसू शकते हे रंगवून मिळतं. वाई, सातारा, महाड, दापोली, जुन्नर, अकोले इथल्या महाविद्यालयांत भूगोलाचे विद्यार्थी आहेत. प्राध्यापकांनो, त्यांना वार्षिक प्रकल्प म्हणून हे काम द्या. एका वर्गाने एक खोरं घेतलं तरी पाच वर्षांत जिल्हा पुरा होईल.

इथे एक प्रामाणिक प्रश्न टाळून चालणार नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या लांबवरून दिसतात. त्या नको होत्या का? वीज हवी आहे, धूर न होणारी वीज तर हवीच. काहींना ती पाती सुंदरही वाटतात. दिसतं म्हणून पाडा, अशी माझी मागणी नाही. मूल्यमापन म्हणजे बंदी नव्हे. कधी ते सांगेल की हे बांधकाम इथे खुशाल होऊ द्या. कधी सांगेल की कडेपासून खाली सरकवा, एक मजला कमी करा, काचेच्या चकाकणाऱ्या भिंती टाळा, छपराला मातीचा किंवा काळपट रंग द्या, कोकणात जांभा आणि घाटावर काळा दगड वापरा, दिवे खाली तोंड करून लावा. आणि कधी ते स्पष्ट सांगेल, इथे काहीच नको. तिन्ही उत्तरं मिळण्याची सोय असली पाहिजे. आज एकच उत्तर मिळतं आणि ते आधीच ठरलेलं असतं.

रोजगाराचं म्हणणंही याच ठिकाणी तपासून पाहा. घाटातल्या गावाची शेती पावसाची, तरुण पुण्या-मुंबईला गेलेले, उरलेल्यांच्या हाताला काम म्हणजे पर्यटक. तो पर्यटक येतो ते दृश्यासाठी. ज्याने कड्यावर पहिला बंगला बांधला त्याला दृश्य मिळालं, दहाव्याला नवव्याची पाठ मिळाली, आणि पन्नासाव्यानंतर पर्यटक पुढच्या घाटाकडे वळला. राहिलं ते सांडपाणी, कचरा आणि विकून टाकलेली जमीन. भूमिपुत्राच्या न्याहारी-निवासाला, त्याच्या चुलीवरच्या भाकरीला गिऱ्हाईक टिकवायचं असेल, तर त्याच्या अंगणासमोरची टेकडी मोकळी ठेवणं हेच त्याचं भांडवल आहे.

आणि वेळ आत्ताची आहे. 'नवीन महाबळेश्वर' उभारण्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या दोनशेहून अधिक गावांचं नियोजन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या हाती दिलं गेलं आहे. याच मुलखाला लागून कास आणि कोयना आहेत. चांदोली आणि राधानगरीसोबत ती 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेली. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीला 2001 साली आणि माथेरानला 2003 साली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवताना केंद्राने तिथले कडे, धबधबे, देवराया, 'पॉइंट' आणि पायवाटा निसर्गवारसा म्हणून नोंदवायला सांगितल्या होत्या. नव्या महाबळेश्वरातल्या प्रत्येक गावाने हेच मागायचं आहे. आराखड्यात आधी दृश्यस्थळं दाखवा, त्यांच्यासमोरचा मोकळा टापू राखून ठेवा, मग उरलेल्या जागेत रस्ते आणि हॉटेलं काढा.

लोक उठले तर काही होतं का, असं विचारणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. 2006 च्या ऑगस्टमध्ये तिथे 'प्रादेशिक आराखडा 2011' अधिसूचित झाला. डोंगरउतार, बागायती, मोकळी जमीन यांचे मोठाले पट्टे वसाहतीच्या रंगात रंगवलेले लोकांना दिसले. वास्तुविशारदांनी नकाशे भिंतींवर लावून गावागावांत समजावून सांगितले, हा तुमचा डोंगर, हा असा जाणार. 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं, पणजीच्या आझाद मैदानावर लोक जमले, आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशा वाचता येणारी माणसं आणि डोंगरावर प्रेम करणारी माणसं एका व्यासपीठावर आली म्हणून हे घडलं. पुढेही तिथे जमिनीच्या रूपांतराचे लढे संपलेले नाहीत, हेही तितकंच खरं. एका विजयावर झोपता येत नाही.

म्हणून वास्तुविशारदांनो, कड्यावरच्या इमारतीच्या नकाशावर सही करण्याआधी एकदा पायथ्याच्या गावातून वर पाहा. गिर्यारोहक मंडळींनो, तुमच्याकडे वीस-तीस वर्षांचे फोटो पडून आहेत. तारीख आणि जागा लिहून ते गावाच्या हवाली करा, डोंगर आधी कसा होता याचा तो पुरावा आहे. गावकऱ्यांनो, तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिची लोक-जैवविविधता नोंदवही आहे. झाडं आणि पक्षी लिहिता त्या वहीत गावाची दृश्यस्थळंही लिहा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत सुरू होते, ती उलटून जाऊ देऊ नका. तोंडी तक्रार हवेत विरते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि ग्रामसभेत ठराव करा. शब्द साधे ठेवा: 'आमच्या गावच्या हद्दीत डोंगरमाथा, डोंगरउतार, नदीकाठ किंवा समुद्रकाठ येथे होणाऱ्या कोणत्याही व्यापारी बांधकामाची पूर्ण उंची व रुंदी दाखवणारे बांबू जागेवर किमान एक महिना उभे ठेवावेत. सोबतच्या यादीतील दृश्यस्थळांवरून काढलेली उन्हाळ्याची, पावसाळ्याची व रात्रीची चित्रे ग्रामसभेपुढे मांडावीत. त्यानंतरच ग्रामपंचायत आपले मत देईल.' त्या ठरावाची प्रत तहसीलदारांना, नगररचना कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. एका गावाचा ठराव बाजूला ठेवला जाईल. पण एका खोऱ्यातल्या सगळ्या गावांनी तोच ठराव एकाच महिन्यात पाठवला, तर तो बाजूला ठेवायला टेबलावर जागा उरणार नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. यांतली जी ग्रामसभा तुमच्या गावात आधी भरेल, तिच्यात उभे राहा आणि हा ठराव मांडा.